निसटलेले दृष्टिपटल

डोळ्यांपुढे काजवे चमकणे हा आपल्या भाषेतील एक जुना वाक्प्रचार आहे. कोणी थोबाडीत मारली, दाराच्या चौकटीवर डोके आपटले, किंवा दुकानदाराने नुसती किंमत सांगितली, तरी आपल्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ह्यांपैकी पहिल्या दोन प्रसंगांतील काजव्यांना शरीरशास्त्राचा आधार आहे. डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाला प्रकाश ही एकच भाषा अवगत आहे. त्याला धक्का द्या, दाबा किंवा ताणा. ते मेंदूला ‘प्रकाश दिसला’ एवढेच कळविते. म्हणूनच कोणी मारलेले नसता, कोठे आपटलेले नसता, अंधाऱ्या खोलीत डोळ्याच्या कडेला पुन्हा पुन्हा वीज चमकल्यासारखी वाटू लागली, आणि तिच्या जोडीला काळ्या ठिपक्यांचा किंवा कोळिष्टकांसारख्या धाग्यांचा थवा एकाएकी दृष्टीपुढे तरंगू लागला, तर तो विनोदाचा विषय राहत नाही. आत काही तरी ओढले जात आहे, कदाचित फाटलेही आहे, असा तो निरोप असतो. पुढे काही तासांनी, काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनी एका बाजूने काळसर पडदा सरकत येऊ लागतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, सुजत नाही. दुखला असता तर माणूस रात्रीच डॉक्टरांकडे धावला असता. दुखत नाही म्हणून तो बाजाराचा दिवस, परीक्षा किंवा घरचे लग्न उरकण्याची वाट पाहतो. ह्या विकारातील खरा धोका वेदनेच्या अभावात आहे.

दृष्टिपटल सुटते म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागेल. डोळा हा सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा एक पोकळ गोल आहे. त्याचे बाहेरचे कवच पांढरे व चिवट असते, ते श्वेतपटल. त्याच्या आत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले रंजितपटल असते, आणि सर्वांत आत दृष्टिपटल पसरलेले असते. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी पाव मिलिमीटरच्या आसपास; पण एवढ्याशा पापुद्र्यात सुमारे १२ कोटी शलाकापेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी दाटीवाटीने बसविलेल्या असतात. त्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची लहानशी जागा आहे. पुस्तक वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे, ही सारी बारीक कामे ती जागा करते. नेत्रमण्याच्या मागची उरलेली पोकळी काचाभ द्रव्याने भरलेली असते. त्याला द्रव म्हणण्याची चाल असली, तरी तरुणपणी ते अंड्यातील पांढऱ्या भागासारखे दाट असते.

आता एक गोष्ट अशी, की दृष्टिपटल आपल्या मागच्या भिंतीला शिवलेले नाही की खळीने डकविलेले नाही. दृष्टीचा मज्जातंतू जेथून बाहेर पडतो ती जागा आणि पुढची कडा, एवढ्या दोनच ठिकाणी ते पक्के असते. बाकीचे सारे क्षेत्र जागच्या जागी राहते ते त्याच्या मागे असलेल्या रंगद्रव्ययुक्त पेशींच्या एका थरामुळे. हा थर मधल्या फटीतले पाणी अहोरात्र शोषून मागे टाकीत असतो आणि त्या ओढीने दृष्टिपटल भिंतीशी लागून राहते. ज्यांनी कोकणातला पावसाळा पाहिला आहे त्यांना भिंतीला ओल धरली म्हणजे रंगाचा पापुद्रा कसा फुगून सुटतो, हे सांगावयास नको. दृष्टिपटलाचे असेच होते. मात्र येथे ओल बाहेरून येत नाही, आतून येते.

वय वाढू लागले, की काचाभ द्रव्य विरघळून पातळ होते, आक्रसते आणि बहुधा पन्नाशी-साठीच्या सुमारास दृष्टिपटलापासून अलग होते. ही स्थिती बहुतेकांच्या वाट्याला येते आणि बहुतेकांत निरुपद्रवी ठरते. परंतु कोठे ते अधिक घट्ट चिकटलेले असेल, तर अलग होताना तेथील दृष्टिपटलाचा तुकडा ओढून फाडते. अचानक ठिपके आणि चमक दिसू लागलेल्या माणसांपैकी सुमारे दहांतील एकाला असे छिद्र पडलेले आढळते. त्या छिद्रातून पातळ झालेले द्रव्य मागे झिरपते, मागच्या पेशींची शोषणशक्ती पुरी पडत नाही, आणि पापुद्रा फुगत जातो. ज्यांना उणे नंबरचा जाड चष्मा आहे, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या डोळ्याला चेंडू, विटी किंवा ठोसा लागला आहे, ज्यांच्या घरात हा विकार पूर्वी झाला आहे, अशांना तो इतरांपेक्षा अधिक संभवतो. साधारण हिशेब असा, की दर दहा हजार माणसांमागे वर्षाला एकाच्या आसपास हा प्रसंग येतो. प्रमाण अल्प वाटते. पण आपल्या देशाच्या लोकसंख्येला ते लावून पाहिले, म्हणजे आकडा लाखाच्या पुढे जातो.

मधुमेहात दृष्टिपटलावर वाढलेली पटले ते पुढे खेचून सोडवितात, आणि काही दाहजन्य रोगांत छिद्र नसताही मागे पाणी साठते. ते प्रकार वेगळे, त्यांचे उपचारही वेगळे. येथे विचार करावयाचा आहे तो छिद्रामुळे सुटणाऱ्या दृष्टिपटलाचा.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ह्या विकाराचे निदान म्हणजे अंधत्वाचे भाकीत होते. हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले; त्यामुळे सुटलेले दृष्टिपटल डॉक्टरांना दिसू लागले खरे, पण दिसण्यापलीकडे फारसे काही करता येईना. रुग्णाला दोन्ही डोळे बांधून आठवडेच्या आठवडे उताणे निजवून ठेवावयाचे, घाम आणणारी औषधे द्यावयाची, सुई टोचून मागचे पाणी काढावयाचे, असे नाना उपाय चालत. हजारात एखादा डोळा बरा होई. छिद्रे काहींनी पाहिलीही होती. परंतु पटल सुटल्यामुळे ते फाटते, अशी अनेकांची समजूत होती. कार्य आणि कारण ह्यांची ही उलटापालट एका माणसाने दुरुस्त केली. स्वित्झर्लंडमधील लोझान ह्या गावचे नेत्रविशारद ज्यूल गोनँ हे ते गृहस्थ.

गोनँ ह्यांचे म्हणणे सरळ होते : आधी छिद्र पडते, मग पटल सुटते, म्हणून छिद्र बुजविल्यावाचून इतर सारे उपाय फोल होत. ते रुग्णाच्या डोळ्यात तासन्तास पाहून छिद्राचा माग काढीत, त्याची जागा मोजून डोळ्याच्या बाहेरच्या कवचावर खूण करीत, तेथे छेद घेऊन मागचे पाणी जाऊ देत, आणि तापवून लाल केलेले टोक त्या जागी टेकवीत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो डागच होता. त्या डागाचा व्रण भरताना छिद्राच्या कडा भिंतीला जखडल्या जात. १९२० च्या सुमारास त्यांनी हे मांडले तेव्हा स्वागत थंडच झाले. पुढे नऊ वर्षे एकेक रुग्ण नोंदीत ते चिकाटीने काम करीत राहिले. १९२९ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेत त्यांच्या पद्धतीला मान्यता मिळाली. हजारातून एकाच्या जागी आता सुमारे निम्मे डोळे वाचू लागले. माझ्या मते गोनँ ह्यांचे मोठेपण त्या तापलेल्या टोकात नाही. ते हत्यार लवकरच मागे पडले. त्यांनी शल्यवैद्याला कोणता प्रश्न विचारावयाचा हे शिकविले, आणि तो प्रश्न आजही तोच आहे : छिद्र कोठे आहे, आणि ते सारे सापडले काय? त्यानंतरची प्रत्येक शस्त्रक्रिया ही छिद्र शोधणे, त्याच्या कडा जखडणे आणि व्रण पक्का होईपर्यंत पटलाला भिंतीशी धरून ठेवणे, ह्या तीन कामांची नवी नवी रीत आहे.

धरून ठेवण्याचा एक मार्ग बाहेरून आहे. पापुद्रा भिंतीपर्यंत येत नसेल, तर भिंतच पापुद्र्यापर्यंत न्यावी, ही ती कल्पना. जर्मनीतील कुस्टोडिस ह्यांनी १९४९ साली डोळ्याच्या कवचावर बाहेरून एक तुकडा शिवून भिंत आत दाबली. १९५०च्या दशकात अमेरिकेत बॉस्टन येथे चार्ल्स शेपेन्स ह्यांनी ह्या तंत्राला व्यवस्थित रूप दिले. शेपेन्स मूळचे बेल्जियमचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या तावडीतून निसटून ते फ्रान्सच्या सरहद्दीवरील एका खेड्यात खोट्या नावाने लाकडाची गिरणी चालवीत होते आणि त्या आडून शंभरावर माणसांना पिरेनीज पर्वतापलीकडे स्पेनमध्ये पोहोचवीत होते. हे कित्येक वर्षे त्यांच्या सहकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे, कपाळावर बांधावयाचे तपासणीचे यंत्र हीसुद्धा त्यांचीच देणगी. त्यामुळे पटलाच्या अगदी कडेची छिद्रे दिसू लागली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या भारतीयांत डॉ. एस. एस. बद्रिनाथ हे होत. त्यांनी १९७८ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, शंकर नेत्रालयाची स्थापना केली.

आज रुग्णापुढे कोणते उपाय असतात, ते आता पाहू.

सर्वांत सोपा प्रसंग म्हणजे छिद्र पडले आहे, पण पटल अजून सुटलेले नाही. अशा वेळी छिद्राभोवती लेसरच्या किरणांनी बारीक डागांची रांग घालतात, किंवा गोठविणारी सळई बाहेरून टेकवून तोच परिणाम साधतात. प्रकाशाने डाग देण्याची कल्पना मायर-श्विकेराथ ह्या जर्मन डॉक्टरांना सुचली, ती १९४५ च्या जुलैमधील सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पीतबिंदू भाजून घेतलेल्या एका विद्यार्थ्याला तपासताना. सूर्य अपाय करू शकतो, तर उपायही का करू नये, असा त्यांनी विचार केला, आणि छतावरून आरशांनी सूर्यकिरण खाली आणून आरंभीचे उपचार केले! आता हे काम खुर्चीत बसल्या बसल्या काही मिनिटांत होते, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मात्र तो डाग पक्का धरण्यास एक ते दोन आठवडे लागतात. शिवाय लेसरला मागची भिंत पटलाला लागून असावी लागते. मध्ये पाणी शिरल्यावर नुसत्या लेसरने ते चिकटत नाही. ठिपके व चमक दिसताच येणारा रुग्ण आणि पडदा आल्यावर येणारा रुग्ण, ह्यांच्या उपचारांत एवढे अंतर पडते.

पटल सुटले असेल, तर वर सांगितलेला बाहेरचा पट्टा हा एक उपाय. त्याला इंग्रजीवरून बकल म्हणतात. सिलिकॉनची पट्टी किंवा स्पंजाचा तुकडा कवचावर शिवून टाकतात, छिद्र गोठवून जखडतात, आणि गरज वाटल्यास मागचे पाणी काढतात. छिद्र नीट झाकले गेले, की उरलेले पाणी मागच्या पेशी आपण होऊन बहुधा एकदोन दिवसांत शोषून घेतात. निसर्गाचे हे साहाय्य नसते तर ह्या शस्त्रक्रियेला यश आले नसते. पट्टी बहुधा आयुष्यभर तशीच राहते. बाहेरून दिसत नाही. डोळा थोडा लांबट होतो, म्हणून उणे नंबर वाढतो; काहींना काही काळ दोन-दोन प्रतिमा दिसतात; पहिले काही दिवस दुखतेही. तरुण रुग्ण, ज्याचा स्वतःचा नेत्रमणी शाबूत आहे आणि ज्याचे काचाभ द्रव्य अजून घट्ट आहे, त्याच्या बाबतीत ही जुनी पद्धतच पुष्कळदा अधिक हिताची ठरते. नवे ते चांगले असे मानणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगताना डॉक्टरांचा बराच वेळ जातो.

दुसरा उपाय वायूच्या बुडबुड्याचा. छिद्र पटलाच्या वरच्या भागात आणि लहान असेल, तर डोळ्यात सुईने थोडासा वायू सोडतात. वायू हलका म्हणून वर चढतो, छिद्रावर बूच बसल्यासारखा बसतो, आणि आतील पाणी मागे जाणे थांबते. ह्या पद्धतीला १९८६ साली अमेरिकेतील हिल्टन आणि ग्रिझार्ड ह्यांनी रूढ स्वरूप दिले. तिला शस्त्रक्रियागृह बहुधा लागत नाही, खर्चही कमी. पहिल्याच प्रयत्नात यश येण्याचे प्रमाण तिच्यात काहीसे उणे आहे. परंतु योग्य निवडलेल्या रुग्णांत, यशस्वी झाल्यावर दृष्टी अधिक सरळ व स्वच्छ राहते, असे कॅनडातील टोरांटो येथे केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसून आले. अट एकच आणि ती कडक : छिद्र सर्वांत वर येईल अशा स्थितीत रुग्णाने दिवसाचे बहुतेक तास, कित्येक दिवस, मान धरून ठेवली पाहिजे. हे ज्याला जमणार नाही त्याने हा मार्ग घेऊ नये.

तिसरा उपाय आतून जाण्याचा. त्याला व्हिट्रेक्टमी म्हणतात. काचाभ द्रव्याला हात लावणे म्हणजे डोळा गमावणे, अशी शल्यवैद्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा होती. रॉबर्ट माखेमर ह्या मूळच्या जर्मन शल्यवैद्याने अमेरिकेतील मायामी येथे ती मोडून काढली. द्रव्य कापीत कापीत शोषून घेणारे हत्यार त्यांनी प्रथम अंड्याच्या पांढऱ्या भागावर वापरून पाहिले, आणि १९७० च्या एप्रिलमध्ये माणसाच्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेपासून काही मिलिमीटर मागे छेद घेऊन चालविले. आज तेच काम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या नळ्यांतून, पुष्कळदा एकही टाका न घालता होते. ओढणारे द्रव्य काढून टाकावयाचे, छिद्रातूनच मागचे पाणी शोषून पटल सपाट करावयाचे, सर्व छिद्रांभोवती लेसर द्यावयाचा, आणि शेवटी डोळा वायूने किंवा सिलिकॉन तेलाने भरावयाचा, असा तिचा क्रम आहे. वयस्क माणसे, मोतीबिंदू काढलेले डोळे, अनेक किंवा मोठी छिद्रे, आत रक्तस्राव, अशा प्रसंगी ही शस्त्रक्रिया श्रेयस्कर ठरते. तिची किंमतही असते. ज्याचा नैसर्गिक नेत्रमणी कायम आहे अशा पन्नाशीपुढील रुग्णात पुढच्या एकदोन वर्षांत मोतीबिंदू बहुधा येतोच. तो मग निराळा काढावा लागतो.

वायू आणि तेल ह्यांतील निवड रुग्णाच्या परिस्थितीवरही अवलंबून असते. वायू आपोआप विरून जातो : साधी हवा आठवड्याच्या आत, सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे दोन आठवड्यांत, आणि परफ्लुओरोप्रोपेन सहा ते आठ आठवड्यांत. तो विरत असता रुग्णाला पेल्यातील पाण्याच्या पातळीसारखी एक आडवी रेघ दिसते व ती दिवसेंदिवस खाली उतरते. वास्तविक बुडबुडा डोळ्यात वर असतो. पण दृष्टिपटलावरची प्रतिमा उलटी पडत असल्याने तो खाली दिसतो. तेल मात्र आपण होऊन जात नाही. ते काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावे लागते, आणि फार काळ राहिल्यास डोळ्यातील दाब वाढणे, पारपटल धूसर होणे असे उपद्रव करते. लहान मूल मान धरून ठेवू शकत नाही. ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याला वायूमुळे येणारा काही आठवड्यांचा आंधळेपणा सोसत नाही. काहींना लगेच विमानाने परतावयाचे असते. अशांना तेल सोयीचे. पटलावर व्रणाच्या ऊतींची जाळी चढून ते आक्रसले असेल, तरीही तेलाचाच आधार बहुधा घ्यावा लागतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पटल पुन्हा सुटण्याचे हेच मुख्य कारण होय.

पहिल्या शस्त्रक्रियेनेच पटल जागी बसण्याचे प्रमाण आज शेकडा ८५ ते ९० आहे. पुन्हा शस्त्रक्रिया केल्यास ते ९५ च्याही वर जाते. पण पटल बसणे आणि दिसू लागणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. शलाकापेशींना व शंकुपेशींना प्राणवायू आणि पोषण मिळते ते मागच्या रंजितपटलाकडून. पटल सुटले, की ह्या पेशींची उपासमार सुरू होते. पीतबिंदू अजून जागेवर असेल, तर शस्त्रक्रिया एकदोन दिवसांत व्हावी, म्हणजे वाचण्याची दृष्टी बहुधा वाचते. पीतबिंदू सुटला असेल, तरी आठवड्याच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ त्यानंतरच्यापेक्षा चांगले येते. महिना लोटल्यावर भिंत कितीही उत्तम दुरुस्त केली, तरी तिच्यावरचे चित्र फिकेच राहते. ‘मोतीबिंदू असेल, पिकू द्या’ असे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना थांबविले जाते, ते ह्या दृष्टीने फार घातक आहे. मोतीबिंदू महिन्यां-वर्षांनी वाढतो. तो एका बाजूने पडदा टाकीत येत नाही. साध्या विजेरीने डोळा बाहेरून पाहून हे निदान होत नसते. औषध घालून बाहुली मोठी करून, पटलाच्या कडेपर्यंत पाहणाऱ्या डॉक्टरांनीच ते करावयाचे असते. तालुक्याच्या गावी ती सोय नसेल, तर त्याच दिवशी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पालथे निजा किंवा मान अमुक बाजूला ठेवा असे सांगितले जाते, त्याला कंटाळून रुग्ण दुसऱ्याच रात्री उताणा होतो आणि बुडबुडा छिद्र सोडून भलतीकडे जातो. घरच्यांनी जेवणाचे ताट खाली पाटावर मांडावे, उशा रचून द्याव्या, वर्तमानपत्र वाचून दाखवावे. त्याने तास सुसह्य होतात. डोळ्यात वायू असेतो विमानप्रवास पूर्णपणे वर्ज्य आहे. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, आतला बुडबुडा फुगतो, आणि डोळ्यातील दाब इतका चढतो की दृष्टीचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो. विमानाचे निषिद्ध असणे बहुतेकांना पटते. घाट मात्र लक्षात येत नाही. चंडीगडला शस्त्रक्रिया करून शिमल्याला परतणारा, कोइमतूरहून उटकमंडला जाणारा किंवा मुंबईहून महाबळेश्वराला विश्रांतीसाठी निघालेला रुग्ण मोटारीतून हजार-दोन हजार मीटर चढत असतो. त्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्याचप्रमाणे ह्या मुदतीत दाताच्या वा पोटाच्या एखाद्या तातडीच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर डोळ्यात वायू असल्याचे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू त्या बुडबुड्यात शिरून त्याला असाच फुगवितो. पुष्कळ ठिकाणी ह्यासाठी रुग्णाच्या मनगटावर पट्टी बांधून देतात. वायू विरून गेल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत ती काढू नये.

एका डोळ्याचे पटल सुटलेल्यांपैकी सुमारे दहांतील एकाच्या दुसऱ्या डोळ्यावरही हाच प्रसंग येतो. म्हणून दुसरा डोळाही त्याच वेळी बाहुली मोठी करून तपासून घ्यावा लागतो, आणि पुढे रोज सकाळी एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चारी कडा दिसतात काय, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. एखादी कडा काळोखात गेलेली आढळली, तर त्याच दिवशी निघावयाचे.